गाडीचं सुतक

इंजिनातलं तेल किती मैलांनी बदलावं, हे नवे ड्रायव्हर मला अजून विचारतात. मी सांगतो, हजार मैल. उन्हाळ्यात वाळूतून लाकूड ओढत असाल तर आठशे. एवढं सांगून मी गप्प बसतो. ते आपसात म्हणतात, लटारूभाऊ तिरसट आहे, दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तिरसट मी आहेच, पण तेलाबद्दल जास्त न बोलण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते एकदा सांगून टाकलेलं बरं.

१९५४चा उन्हाळा होता. मूल गावच्या भैयाजींची लाकूड वाहायची मोटारगाडी मी चालवत होतो. भैयाजींची मूलला तांदळाची गिरणी होती, आणि दरवर्षी ते आलापल्लीच्या बाजूला एखादा कूप घ्यायचे. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तिथलं सागवान गाडीत भरायचं, आष्टीजवळ वैनगंगा ओलांडायची आणि बल्लारशाला रेल्वेच्या धक्क्यावर नेऊन उतरवायचं. माझं घर आष्टीलाच, त्यामुळे येता-जाता घरी टेकता यायचं. नदीवर पूल नव्हता. पात्र आटलं की वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून रस्ता करायचे, आणि भरलेली गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत पलीकडे जायची.

गाडी लढाईतली होती. लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा भैयाजींनी ती उचलली. तिचा मैल मोजायचा काटा आमच्याकडे येण्याआधीच मेलेला होता, म्हणून आम्ही खेपा मोजायचो. जाऊन-येऊन एक खेप सव्वाशे मैलांची. आठ खेपा झाल्या की तेल बदलायचं, हे माझं गणित. भैयाजी म्हणायचे बारा खेपा, कारण गाडीवर ते कधी बसले नव्हते.

सुकलूचं गणित नव्हतंच. सुकलू माझा क्लीनर. क्लीनर म्हटलं की लोकांना मिसरूड न फुटलेला पोरगा दिसतो, पण सुकलू चाळिशीला टेकलेला होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठाच. आलापल्लीच्या पलीकडे आत जंगलात गोंडांचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती होती, तिथला तो. रोज सकाळी तो तेल मोजायची काडी बाहेर काढायचा, तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळायचा, हुंगायचा आणि निकाल द्यायचा. "अजून जीव हाये." नाहीतर, "मेलं जी हे, भाऊ." कधी ते आठव्या खेपेला मरायचं, कधी सहाव्या, आणि थंडीच्या दिवसांत दहाव्यापर्यंत टिकायचं.

"वैदू हायेस का गा तू? नाडी पाहून राह्यला!" मी त्याची टर उडवायचो. तो हसायचा. पण माझा आकडा आणि त्याचं बोट यांचं जमलं नाही की मी मुकाट्याने बोटाचं ऐकायचो.

सुकलूला ड्रायव्हर व्हायचं होतं. जंगलातल्या कच्च्या वाटांवर रिकामी गाडी तो दोन वर्षं चालवत होता, आणि खरं सांगायचं तर गियर माझ्याहून हलक्या हाताने टाकायचा. आदल्या पावसाळ्यात तो चांद्याला, जिल्ह्याच्या गावी गेला, साहेबाला गाडी चालवून दाखवली आणि लायसन घेऊन आला. ते लायसन मेणकापडात गुंडाळून तो कमरेला बांधून ठेवायचा. भैयाजी दिवाळीनंतर दुसरी गाडी घेणार होते. माझ्यासमोर, चार माणसांत, त्यांनी त्याला शब्द दिला होता, "एवढा मोसम नीट पार पडू दे, दुसरी गाडी तुह्याच हाती." सुकलूच्या टोल्यात तोवर कोणी बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं. त्याने बायकोला, सोमारीला, सांगून ठेवलं होतं की पहिल्या दिवशी तुला पुढे माझ्या शेजारी बसवून बाजाराला नेईन. हे तो मला आठवड्यातून तीनदा ऐकवायचा.

तेल बदलायचं काम माझ्या अंगणात व्हायचं. कमळा, माझी बायको, तुपाचा जुना डबा घेऊन गाडीजवळ येऊन बसायची. जळकं तेल तिला हवं असायचं. आमच्याकडे वाळवी फार. दाराची चौकट, खाटेचे पाय, धानाच्या कोठीखालच्या फळ्या, सगळ्यांना ती चिंधीने ते काळं तेल फासायची, आणि उरलेलं शेजाऱ्यांना बैलगाडीच्या आसाला द्यायची. तळाचा बोल्ट सुटून धार लागली की म्हणायची, "पुरं येऊ द्या. घाई करू नका." दर वेळी हेच. मी दर वेळी चिडायचो, की तेल काय माझ्या घाईने पडतं का?

मे महिन्यात तिला ताप आला. हिवताप आमच्याकडे घरोघरी असायचा, म्हणून मी खेपेला निघून गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बल्लारशाहून परतलो तर अंगणात माणसं बसली होती. ती सगळी माझ्यासाठी थांबली होती.

मला काही वाटलं नाही. हे मी नीट सांगतो, कारण लोक त्याचा भलता अर्थ लावतात. दुःख पोटात दाबून धरलं, असं काही नव्हतं. दाबायला आत काही सापडतच नव्हतं. नदीवर गेलो, सगळं केलं, परत आलो. आईने ताट वाढलं, मी जेवलो. लोक म्हणाले, लटारू धीराचा आहे. माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता आणि मला झोपही छान लागली.

तिसऱ्या दिवशी भैयाजींचा निरोप आला. पंधरा जूनच्या आत कूप रिकामा करायचा होता, राहिलेलं लाकूड मग जंगल खात्याचं होतं. सुकलू निरोप ऐकत दारात उभा होता.

"तुमी घरी बसा, भाऊ," तो म्हणाला. "दहा दिस मी नेतो खेपा."

भरलेली गाडी तू कधी नदीतून नेली नाहीस, असं कारण मी पुढे केलं. खरं कारण असं, की घरी बसलो असतो तर भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसले असते. त्यापेक्षा गाडी बरी. सुतकात कामावर निघालो म्हणून गावाने नाकं मुरडली. माझी आई, शकुबाई, भांडली नाही. "जाय," ती म्हणाली. "पन दहा दिस तेलाले हात लावू नको."

आमच्याकडे सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत, चुलीवर कढई चढत नाही, भाजीला फोडणी पडत नाही. दहाव्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला तेल लावतात आणि मग सुतक फिटतं.

चौथ्या दिवशी सकाळी सुकलूने नेहमीप्रमाणे काडी काढली, थेंब चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"मेलं जी हे. आन कमीबी झालं. आज बदलून टाकू."

"सुतक हाये," मी म्हणालो. "तेलाले हात नाई लावत."

"तुमी कशाले लावता? मी लावतो. मले कुठी सुतक हाये?"

"तुले नाई. गाडीले हाये."

त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माह्याच अंगणात उभी राह्यते ना ते?" मी म्हणालो. "दसऱ्याले कमळाच तिले कुंकू लावे. घरचीच हाये. दहा दिस तिच्यात तेल जाणार नाई. वरूनबी घालाचं नाई."

आता कोणी म्हणेल, केवढी श्रद्धा! कसली श्रद्धा आणि काय. मी चौकात चहा ढोसत होतो, बिड्या ओढत होतो, सुतकाचे बाकी सगळे नियम धाब्यावर बसवले होते. पण तेल बदलायचं म्हणजे अंगणात बोल्ट सोडायचा आणि डबा घेऊन कोणी बाहेर येणार नाही. ते मला नको होतं. नको होतं, एवढंच कळत होतं. आईचा नियम हाताशी होता, मी तो गाडीवर घातला.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लटारू, डोकं फिरलं का तुझं? सुकलूला ते म्हणता येत नव्हतं. त्याच्या टोल्यात रिवाज होता की ज्या घरात माणूस गेलं त्या घराला महिनाभर कोणी उलटून बोलायचं नाही आणि त्या घरावर दोष ठेवायचा नाही. त्याने काडी पुसली, जागेवर घातली. "बरं जी," म्हणाला. त्या दिवसापासून त्याने काडी बाहेर काढलीच नाही.

आमचं इंजिन म्हातारं होतं. दर खेपेला अर्धा-पाऊण शेर तेल ते जाळून टाकायचं, आणि तेवढं वरून घालावं लागायचं. ते बंद झालं. मी गाडी चालवत राहिलो. रात्रीचीही गाडी हाकून चार खेपा केल्या. आष्टीला घरासमोरून जाताना थांबलो नाही.

नवव्या दिवशी आलापल्लीहून भरून निघालो. पाच-सहा मैल झाले असतील, सुकलूने कान बॉनेटकडे केला.

"भाऊ, आयका. बेरिंग वाजून राह्यली."

मला ऐकू येत होतं. आतून कोणी दार ठोठावावं तसा आवाज होता, आणि चढ आला की वाढत होता. बारा वर्षं स्टेअरिंगवर काढलेला माणूस मी, तो आवाज कशाचा हे झोपेतही सांगितलं असतं. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून येत असावा तसा मी ऐकत होतो.

"नदीच्या अलीकडं थांबवा," पात्र दिसायला लागल्यावर सुकलू म्हणाला. "मांगं तेलाचा डबा हाये. मी घालतो. तुमी खाली उतरू नका, पाहूबी नका. तुमाले काई लागणार नाई."

माझा नियम मोडू नये आणि इंजिनही वाचावं, एवढी वाट त्याने काढून दिली होती. मी म्हणालो, "उद्या दहावा हाये. उद्या घालू." आणि गाडी तट्ट्यांवर घातली.

अर्धं पात्र ओलांडलं. मग इंजिनाने आतून एक घाव घातला आणि गाडी जागच्या जागी बसली. जळक्या तेलाचा वास केबिनभर झाला. सुकलू उडी मारून उतरला, पुढून हँडल घातलं आणि जोर लावला. मीही उतरलो. दोघांनी मिळून लावला. हँडल तसूभर हललं नाही. मागे धानाच्या गाड्या खोळंबल्या, गाडीवाले ओरडायला लागले आणि शेवटी बैल वाळूत उतरवून बाजूने निघून गेले. सुकलू हँडल धरून तसाच उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. मी गाडीच्या सावलीत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैयाजी भाड्याच्या जीपमधून आले. बल्लारशाहून मिस्त्री बरोबर आणला होता. तो दहावा दिवस होता. सकाळी आईने माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं, आणि उन्हात ते माझ्या कपाळावरून ओघळत होतं.

मिस्त्री गाडीखाली शिरला, तळ उघडला आणि हात बाहेर काढून भैयाजींना दाखवला. हाताला काकवीसारखा काळा चिकटा लागला होता. "तेल कुठी हाये इथी?" तो म्हणाला. "बेरिंग खाल्ल्या, दांडा तुटला. इंजिन गेलं."

भैयाजी ओरडणारे नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "तेलाची काडी पाहाचं काम कोनाचं असते?"

स्टेअरिंग ड्रायव्हरचं आणि काडी क्लीनरची, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भैयाजींनाही होतं. सुकलूने माझ्याकडे पाहिलं.

तो थांबला. माझ्यासाठी थांबला. मी एवढंच म्हणायचं होतं, की मीच नको म्हणालो. मला सगळं समजत होतं. दिवाळीनंतरची गाडी, कमरेचं लायसन, सोमारीची पुढची जागा, सगळं त्या क्षणी माझ्या तोंडावर अवलंबून आहे, हे मला स्वच्छ कळत होतं. भैयाजींची भीती वाटली म्हणावं तर तीही वाटत नव्हती. मी पायाखालच्या तट्ट्याची एक सुटलेली कामटी बघत होतो. मूग गिळून बसणं म्हणतात ते हे नव्हे, त्यात निदान गिळायला काही असतं.

"माहं काम हाये, मालक," सुकलू म्हणाला.

"मंग कधी पाह्यली होती?"

"सहा दिस झाले, जी."

"काऊन?"

सुकलूने परत माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी थोडंसंच. रिवाज त्याचा होता आणि तो त्याने पाळला. "नाई पाह्यली, मालक," तो म्हणाला.

"आन तुह्या हाती मी नवी गाडी देत होतो," भैयाजी म्हणाले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लटारू, तुह्यावर त आधीच आभाळ कोसळलं. तू घरी जाय, आराम कर."

सुकलूने केबिनमधलं आपलं घोंगडं आणि लोटा घेतला. मला म्हणाला, "येतो, भाऊ." आणि आलापल्लीच्या बाजूला चालत गेला. मी घरी जाऊन जेवलो. सुतक फिटलं म्हणून आईने त्या दिवशी वडे तळले होते.

पावसाळाभर मी घरी होतो. बांधावर जायचो, यायचो. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचो. आश्विनात एकदा जेवताना आईने विचारलं, "सुकलू काऊन येत नाई गा आताशा? कमळीच्या हातचा भात खाल्ल्याबिगर जात नव्हता." पाच महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं. मला इतकी लाज वाटली की ताटावरून उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मूलला गेलो. भैयाजी गिरणीच्या ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गाडीच्या सुतकापासून नदीपर्यंत. सुकलू थांबा म्हणत होता, मी थांबलो नाही, हेही सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं.

"ठाऊक हाये मले," भैयाजी म्हणाले. "मिस्त्री तवाच बोलला. बेरिंग वाजल्याबिगर इंजिन बसत नाई, आन ड्रायव्हरले ते आयकू येतेच."

"मंग सुकलूले..."

"गोंडाच्या हाती नवी गाडी देतो म्हणून अर्ध मूल गाव मले हसून राह्यलं होतं, लटारू. मी चार लोकांत शब्द देऊन बसलो होतो, माघार कशी घेऊ? त्यानं आपल्याच तोंडानं मले मोकळं केलं." त्यांनी सुपारी कातरली. "तू तवा बोलला असता ना, मिस्त्र्यासमोर, त मले गाडी द्याच लागली असती. आता ते गाडी तुह्यी. जुनीत नवं इंजिन टाकलं, ते बल्लारशाचा चैतू चालवन."

मी नको म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, पण गाडी चालवण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

कार्तिकात नव्या गाडीची पहिली खेप घेऊन कुपावर गेलो. लाकूड चढवणाऱ्या हमालांत सुकलू होता. त्याने रामराम केला. दुपारी हमाल पाणी प्यायला बसले तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि मूलला जाऊन आल्याचं सांगितलं. भैयाजी काय म्हणाले, तेही सांगितलं. काही लपवलं नाही. तो खालच्या मानेने ऐकत होता.

"तवा काऊन नाई बोलले, भाऊ?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खरं तेच सांगितलं. "मले काईच वाटत नव्हतं, सुकलू. कमळा गेली तवापासून. कशाचंच काई वाटत नव्हतं."

"हव," तो म्हणाला. "दिसत होतं ते मले." मग म्हणाला, "पन मले वाटत होतं ना जी."

मुकादमाने हाक मारली. सुकलू उठला, दोराचं टोक खांद्यावर घेतलं आणि बाकीच्यांबरोबर ओढायला लागला. एकेक ओंडका फळ्यांवरून वर सरकत आत पडत होता. गाडी भरायला तासभर लागला. मग मी त्याची गाडी घेऊन बल्लारशाला गेलो.